साक्षीचे आचरण : यहुदी परंपरेतील ‘किद्दुश हा-शेम’ या संकल्पनेचा नैतिक आशय

धर्मासाठी प्राण वेचणाऱ्या माणसाला निरनिराळ्या भाषांनी जी नावे दिली आहेत, ती उद्बोधक आहेत. ग्रीक भाषेतील ‘मार्तिस’ या शब्दाचा मूळ अर्थ साक्ष देणारा एवढाच होता. ख्रिस्ती संप्रदायाच्या आरंभीच्या शतकांत त्याला श्रद्धेसाठी मरण पत्करणारा हा अर्थ आला. अरबीतील ‘शहीद’ या शब्दाच्या मुळाशीही साक्षीचीच कल्पना आहे. मराठीतील ‘हुतात्मा’ हा शब्द साक्षीवरून नव्हे, तर यज्ञातील आहुतीवरून आलेला आहे. हिब्रू भाषेने आणखी निराळा मार्ग धरला. साक्षीदाराला त्या भाषेत ‘एद’ म्हणतात. परंतु धर्मासाठी मेलेल्याला ती ‘एद’ म्हणत नाही, ‘कादोश’ म्हणजे ‘पवित्र’ म्हणते. आणि त्याच्या कृत्याला ‘किद्दुश हा-शेम’, म्हणजे ‘नामाचे पवित्रीकरण’, असे म्हणते. हे नाम अर्थातच ईश्वराचे होय.

हाच शब्द यहुदी धर्मशास्त्र दुसऱ्याही एका माणसाला लावते. गिऱ्हाइकाच्या हातून चुकून जास्त आलेले पैसे परत करणारा व्यापारी, अपमान गिळून गोड बोलणारा पंडित, सापडलेला दागिना मालकाला नेऊन देणारा वाटसरू, यांची कृत्येही ‘किद्दुश हा-शेम’ याच सदरात पडतात. त्याउलट वर्तन म्हणजे ‘हिल्लुल हा-शेम’, नामाची विटंबना. वधस्तंभ आणि दुकानाचा हिशेब यांना एकच नाव असावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. यांतील दुसरा अर्थ पहिल्याचा केवळ सौम्य विस्तार आहे काय, की तो तितकाच मूलभूत आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. शास्त्राधार

या संकल्पनेचे मूळ वचन ‘लेवीय’ या ग्रंथाच्या २२ व्या अध्यायाच्या अखेरीस (३२) आहे. आपल्या पवित्र नामाची विटंबना होऊ देऊ नये आणि इस्राएल लोकांमध्ये ते पवित्र मानले जावे, अशी ईश्वराची आज्ञा तेथे आलेली आहे. तिचा संदर्भ मरणाचा नाही. तो अध्याय याजकांचे नियम आणि अर्पणाच्या जनावरांची पात्रता यांविषयी आहे. गाय किंवा मेंढी आणि तिचे पिलू यांचा एकाच दिवशी वध करू नये, हा नियम त्या आज्ञेच्या किंचित् आधी येतो. मूळ वचनाची भूमी नित्याच्या आचाराची आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

साक्षीची कल्पना ‘यशया’च्या ४३ व्या अध्यायात येते. तेथे सर्व राष्ट्रे एका न्यायसभेत जमली आहेत आणि इस्राएल हा ईश्वराचा साक्षीदार म्हणून उभा केला आहे, अशी कल्पना आहे. या वचनावर ‘सिफ्रे’ या प्राचीन भाष्यग्रंथात एक धाडसी विवेचन आढळते. तुम्ही माझे साक्षी असाल तेव्हाच मी ईश्वर, आणि तुम्ही साक्षी नसाल तर जणू मी ईश्वर नव्हे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. हे विधान किती धीट आहे याची भाष्यकारांना जाणीव होती. म्हणून त्यांनी ‘जणू’ या अर्थाचा शब्द त्यात मुद्दाम घातला आहे. ईश्वराचे अस्तित्व माणसावर अवलंबून आहे असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. जगाला ईश्वराची जी ओळख होते ती त्याच्या साक्षीदारांच्या वर्तनावरून होते, आणि साक्षीदार खोटा निघाला तर दावाच बुडतो, हा त्याचा मथितार्थ होय.

याच विचाराचे एक दृश्य चिन्ह तोराच्या हस्तलिखितांत जतन केलेले आहे. ईश्वराचे एकत्व घोषित करणारे ‘शमा’ हे वचन (अनुवाद ६ : ४) लिहिताना त्याच्या पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आणि शेवटच्या शब्दाचे शेवटचे अक्षर मोठ्या आकारात लिहिण्याची लेखकांची प्रथा आहे. ती दोन अक्षरे एकत्र वाचली म्हणजे ‘एद’ हा शब्द होतो. वचन म्हणणारा प्रत्येक जण साक्षीदार होतो, असा पारंपरिक भाष्यकारांनी त्याचा अर्थ लावला आहे.

२. मरणाची मर्यादा

‘किद्दुश हा-शेम’ या शब्दाला मरणाचा अर्थ जडला तो प्रत्यक्ष छळाच्या काळात. बार कोखबा याचे बंड (इ. स. १३२-१३५) मोडून काढताना रोमन सम्राट हेड्रियन याच्या राजवटीने तोराच्या अध्ययनावर बंदी घातली. रब्बी अकिवा यांना याच काळात देहदंड झाला. लोखंडी फण्यांनी त्यांचे मांस ओरबाडले जात असता ‘शमा’ म्हणण्याची वेळ झाली होती, आणि ते वचन उच्चारीतच त्यांनी प्राण सोडला, असे ताल्मूद सांगतो. पुढील सर्व पिढ्यांच्या दृष्टीने हे मरण आदर्श ठरले.

तथापि या काळातील धर्मपंडितांनी घालून दिलेला नियम मरणाचे क्षेत्र वाढविणारा नसून आटोक्यात ठेवणारा आहे. लोद या नगरीत एका घराच्या माळ्यावर भरलेल्या सभेत त्यांनी असा निर्णय केला, की जिवावर बेतले असता तोराची कोणतीही आज्ञा मोडून जीव वाचवावा. मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि मनुष्यवध ही तीन पातके मात्र त्याला अपवाद. छळाच्या काळात, किंवा दहा यहुदी माणसांसमक्ष धर्मभ्रष्ट करण्याचा हेतू असेल तेव्हा, नियम अधिक कडक होतो. मूळ तत्त्व मात्र ‘लेवीय’ १८ : ५ मधील आज्ञेचे : विधी पाळावयाचे ते त्यांच्या योगे जगण्यासाठी. मरणाने दिलेली साक्ष ही अपवादात्मक प्रसंगाची साक्ष होय. मग अपवाद नसलेल्या सर्व दिवसांचे काय, या प्रश्नाचे उत्तर ताल्मूदात अन्यत्र सापडते.

३. खाटकाचे पैसे

‘योमा’ या प्रकरणात प्रायश्चित्ताची चर्चा आहे. विधीच्या उपेक्षेला पश्चात्ताप पुरतो; निषेधाच्या उल्लंघनाला पश्चात्तापासह प्रायश्चित्ताचा दिवस लागतो; त्याहून घोर पातकांना दुःखभोगाची जोड लागते; परंतु नामाच्या विटंबनेचे पाप मरणाखेरीज पूर्णपणे फिटत नाही, अशी चढती श्रेणी तेथे दिली आहे. एवढे भयंकर पाप कोणते असावे, हे विचारल्यावर मूर्तिपूजा किंवा देवनिंदा अशा उत्तराची अपेक्षा असते. बाबिलोनियातील सुरा येथील विद्यापीठाचे संस्थापक रब (मृत्यू इ. स. २४७) यांचे उत्तर अगदी निराळे आहे. आपल्यासारख्याने खाटकाकडून मांस घेऊन लगेच पैसे दिले नाहीत, तर ती विटंबना, असे ते म्हणतात. त्यावर अबाये या पुढील पंडिताने मर्यादा घातली, की जेथे दुकानदार स्वतः वसुलीला फिरतात तेथे हा दोष नाही.

हे उत्तर अतिशयोक्त वाटेल. पण त्यामागील कारण अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांनी स्पष्ट केले आहे. पंडिताने पैसे थकविले म्हणजे खाटीक त्याला लुबाडणारा समजतो, आणि लुबाडणूक ही फारशी वाईट गोष्ट नसावी असे शिकतो. म्हणजे दोष केवळ बुडालेल्या रकमेचा नव्हे. ज्याच्याकडे पाहून लोक धर्म शिकतात त्याने खोटा धर्म शिकविला, हा तो दोष होय.

याच ठिकाणी अबाये यांनी ‘ईश्वरावर प्रेम कर’ या आज्ञेचा एक विलक्षण अर्थ सांगितला आहे. ईश्वराचे नाम तुझ्यामुळे लोकांना प्रिय व्हावे, असा तो अर्थ. माणसाने शास्त्र शिकावे, विद्वानांची सेवा करावी आणि लोकांशी देण्याघेण्यात सौम्यपणे वागावे. म्हणजे याला तोरा शिकविणारे आईबाप आणि गुरू धन्य, असे लोक म्हणतील. तो दुर्वर्तनी असेल, तर लोक दोष त्याला देऊन थांबत नाहीत. त्याने शिकलेल्या तोराला देतात.

४. परक्याचे धन

या विचाराची खरी कसोटी लागली ती परधर्मीयांशी होणाऱ्या व्यवहारात. हरवलेली वस्तू परत करण्याचा ‘अनुवाद’ ग्रंथातील नियम (२२ : १-३) ‘भावा’च्या वस्तूविषयी आहे. एका करारात बांधल्या गेलेल्या समाजाची ती परस्पर जबाबदारी होती, आणि स्वकीय व परकीय असा भेद प्राचीन काळच्या बहुतेक कायद्यांत होताच. त्यामुळे परक्याची हरवलेली वस्तू परत करण्याचे बंधन नाही, त्याने हिशेबात स्वतः केलेली चूक त्याच्या लक्षात आणून देण्याचे बंधन नाही, अशी मते ताल्मूदात नोंदलेली आहेत. ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. कारण नामाच्या पवित्रीकरणाचे तत्त्व नेमके येथेच आपले कार्य करते.

‘तोसेफ्ता’ या प्राचीन संहितेत म्हटले आहे, की परधर्मीयाला लुबाडणे हे स्वकीयाला लुबाडण्याहून अधिक गंभीर आहे. कारण त्यात नामाची विटंबना आहे. यरुशलेमी ताल्मूदात अशी हकीकत येते, की दोन रोमन अधिकारी रब्बान गमलियेल यांच्याकडे यहुदी कायदा शिकले. त्यांनी कायद्याची प्रशंसा केली. परंतु स्वकीय व परकीय यांत भेद करणाऱ्या नियमांवर बोट ठेवले. त्यानंतर गमलियेल यांनी परधर्मीयाच्या मालाचा अपहार नामाच्या विटंबनेस्तव निषिद्ध ठरविला. बाहेरच्या माणसाच्या दृष्टीने स्वतःच्या कायद्याकडे पाहणे, आणि तसे पाहून कायदा सुधारणे, ही घटना धर्मशास्त्राच्या इतिहासात सामान्य नव्हे.

त्याच ताल्मूदातील आणखी दोन कथा परंपरेत फार प्रिय आहेत. पहिली कथा इ. स. पूर्व पहिल्या शतकातील शिमोन बेन शेताह यांची. राजा अलेक्झांडर यन्नाय (इ. स. पू. १०३-७६) व राणी सलोमी अलेक्झांड्रा (इ. स. पू. ७६-६७) यांच्या कारकिर्दीत ते होऊन गेले. जवसाच्या तागावर त्यांचा चरितार्थ चाले. गुरूचे श्रम वाचावेत म्हणून शिष्यांनी एका अरबाकडून गाढव विकत आणले. त्याच्या गळ्यात एक मोती अडकलेला निघाला. आता गुरूला कष्ट करावे लागणार नाहीत, म्हणून शिष्य हर्षले. विकणाऱ्याला हे ठाऊक होते काय, एवढेच गुरूने विचारले. आणि नाही असे कळताच मोती परत नेऊन देण्यास सांगितले. परक्याची हरवलेली वस्तू ठेवण्यास शास्त्राची मोकळीक आहे, असे शिष्यांनी सुचविले. शिमोन म्हणजे कोणी रानटी माणूस आहे काय, असे त्यांनी विचारले. या जगातील कोणत्याही लाभापेक्षा यहुद्यांच्या ईश्वराचा जयजयकार परक्याच्या तोंडून ऐकणे त्यांना अधिक मोलाचे होते.

दुसरी कथा शमुवेल बार सुस्रताय यांची. ते रोमला गेले असता राणीचा हरवलेला दागिना त्यांना सापडला. तीस दिवसांच्या आत आणून देणाऱ्यास बक्षीस, आणि तीस दिवसांनंतर ज्याच्याजवळ सापडेल त्याचा शिरच्छेद, अशी दवंडी पिटली गेली होती. शमुवेल यांनी तीस दिवस उलटू दिले आणि मग दागिना नेऊन दिला. दवंडी ऐकली असूनही उशीर का केला, असे राणीने विचारले. आपण तो तिच्या भयाने परत केला असे कोणी म्हणू नये, तर ईश्वराच्या भयाने परत केला हे कळावे, असे त्यांनी सांगितले. या कथेत मरणाची शक्यता आहे. परंतु ज्याच्यासाठी प्राण पणाला लावला ते व्रत किंवा विधी नसून साधा प्रामाणिकपणा आहे. संकल्पनेचे दोन्ही अर्थ येथे एकत्र आले आहेत.

५. मध्ययुग

इ. स. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धासाठी निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईन नदीकाठच्या स्पायर, वर्म्स व माइन्झ या नगरांतील यहुदी वस्त्यांवर हल्ले केले. बाप्तिस्मा की मृत्यू, असा पर्याय पुढे आला असता अनेक कुटुंबांनी स्वतःच्या हातांनी आपल्या माणसांचा व आपला अंत केला. या घटनांचे हिब्रू वृत्तांत व शोकगीते उत्तर युरोपातील यहुद्यांच्या प्रार्थनाजीवनात रुजली, आणि त्या प्रदेशांत ‘किद्दुश हा-शेम’ म्हणजे बलिदान हे समीकरण दृढ झाले.

दक्षिणेकडे निराळी परिस्थिती होती. आल्मोहाद राजवटीने स्पेन व उत्तर आफ्रिकेत सक्तीचे धर्मांतर चालविले असता, वरकरणी इस्लामची कबुली देणारे यहुदी धर्मबाह्य झाले, असे एका पंडिताने जाहीर केले. त्याला उत्तर म्हणून मोशे बेन मैमोन, म्हणजे मैमोनिदीस (११३८-१२०४), यांनी एक पत्र लिहिले. केवळ शब्दांची सक्ती असेल तर मरणे आवश्यक नाही, गुप्तपणे आज्ञा पाळाव्यात आणि शक्य होताच तो देश सोडावा, असा सल्ला त्यांनी दिला. पुढे आपल्या ‘मिश्ने तोरा’ या महान संहितेत त्यांनी या विषयाला एक पूर्ण अध्याय दिला. त्याची रचना अर्थपूर्ण आहे. तो मरणाच्या नियमांपासून सुरू होतो आणि दुकानाशी व सभेशी येऊन संपतो. पैसे असून देणे थकविणारा, लोकांना प्रसन्न मुखाने न भेटणारा विद्वान नामाची विटंबना करतो. अपमान होऊन उलट अपमान न करणारा, ज्याचा शब्द व्यवहारात खरा ठरतो असा विद्वान नाम पवित्र करतो. माणूस जितका मोठा, तितकी त्याच्याकडून अपेक्षा मोठी.

बलिदानाच्या स्मृतीने भारलेल्या उत्तरेतही हा विचार लोपला नव्हता. फ्रान्समधील मोशे ऑफ कूसी यांनी तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगाव उपदेश केला. १२३६ मध्ये ते स्पेनमध्ये होते. ईश्वराने इस्राएलला देशोदेशी विखुरले ते बी पेरावे तसे. पेरणी पिकासाठी असते. मग परक्यांना फसविणाऱ्यांचा धर्म कोण आदरील, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्या काळात परिस्थिती अनुकूल नव्हती. १२४० मध्ये पॅरिस येथे ताल्मूदावर जो खटला झाला त्यात बचावाची बाजू मांडणाऱ्या पंडितांत ते स्वतः होते. ज्यांच्याकडून छळ होत आहे त्यांच्याशीही प्रामाणिक राहण्याची ही शिकवण आहे, हे विसरता येत नाही. पर्पिन्याँ येथील मेनाहेम मेइरी (जन्म १२४९) यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. जी राष्ट्रे धर्म व कायदा यांनी बांधलेली आहेत त्यांना जुने भेददर्शक नियम लागूच होत नाहीत, असे त्यांनी प्रतिपादले.

सतराव्या शतकातील मोशे रिव्केस यांची नोंद तर अनुभवाची आहे. १६५५ च्या युद्धात ते विल्नाहून परागंदा होऊन अॅम्स्टरडॅमला पोहोचले आणि ‘शुल्हान आरुख’ या विधिसंहितेवर त्यांनी टिपा लिहिल्या. परधर्मीयांच्या चुकीचा फायदा घेऊन श्रीमंत झालेले अनेक लोक पुढे नष्ट झालेले पाहिले, आणि चूक दाखवून पैसे परत करणारे भरभराटीस येऊन मुलाबाळांसाठी ठेवून गेलेले पाहिले, हे त्यांनी पुढील पिढ्यांसाठी म्हणून नमूद केले आहे. नियम सांगणाऱ्या ग्रंथात भाष्यकार अशी साक्ष क्वचितच देतो.

६. लौकिक की धर्म?

येथे एक आक्षेप उभा राहतो. परक्याला फसवू नये, कारण ईश्वराच्या नामाला बट्टा लागेल, असे म्हणणे म्हणजे नीतीला लौकिकाच्या आधारावर उभे करणे नव्हे काय? अल्पसंख्य समाजाला आपली पत सांभाळावी लागते; हे तत्त्व म्हणजे त्या गरजेला दिलेले धार्मिक रूप असेल. या आक्षेपात तथ्य आहे. काही विधिकारांनी विटंबनेचे कारण उघडकीस येण्याच्या शक्यतेपुरतेच मर्यादित ठेवले होते.

परंतु परंपरेने या आक्षेपाला स्वतःच उत्तर दिले आहे. कोणत्याही ऐहिक हेतूने नव्हे, भयाने नव्हे, मानासाठी नव्हे, तर केवळ ईश्वरासाठी जो पापापासून दूर राहतो तो नाम पवित्र करतो, असे मैमोनिदीस सांगतात, आणि उदाहरण देतात ते धन्याच्या पत्नीला नकार देणाऱ्या योसेफाचे. त्या वेळी घरात दुसरे कोणीही नव्हते, हे ‘उत्पत्ती’ ग्रंथ स्पष्ट सांगतो. साक्ष आहे, पण पाहणारा नाही. ताल्मूदातील ‘सोटा’ हे प्रकरण याच योसेफाशी यहूदाची तुलना करते. योसेफाने एकांतात नाम पवित्र केले, म्हणून ईश्वरनामाचे एक अक्षर त्याच्या नावात आले. यहूदाने लोकांसमक्ष केले, म्हणून ईश्वरनामाची चारही अक्षरे त्याच्या नावात आहेत. यहूदाने केले काय होते? ज्या तामारेला तो दंड द्यावयास निघाला होता, ती आपल्यापेक्षा अधिक न्यायी आहे, हे त्याने सर्वांदेखत कबूल केले. या दोन्ही आदर्श प्रसंगांत कोणी मेले नाही. आणि यहूदाला तर आपला लौकिक गमवावा लागला. लौकिक राखणे हेच या तत्त्वाचे सार असते, तर हे उदाहरण निवडले गेले नसते.

७. शेजाऱ्यांनी दिलेले नाव

शास्त्रग्रंथांपासून दूर राहिलेल्या समाजातही साक्षीचे हे स्वरूप दिसते. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके ताल्मूद व रब्बी यांच्यावाचून राहिला. सुंता, शब्बाथ, काही आहारनियम आणि प्रत्येक संस्कारात उच्चारला जाणारा ‘शमा’, एवढी पुंजी त्याने जपली. मुंबईतील त्याचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये उभे राहिले. तेलाचा घाणा चालविणाऱ्या या लोकांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नव्हते. पाहणाऱ्यांनी दिले होते. शब्बाथाच्या आज्ञेत दास, परका आणि बैल यांच्याही विश्रांतीचा समावेश आहे. घाणा थांबला म्हणजे बैलही थांबे. जे घडले ते शेजाऱ्याने पाहिले, आणि त्यावरून त्या समाजाला ओळखले.

८. समारोप

विसाव्या शतकात या संकल्पनेवर सर्वांत मोठा घाला आला. नाझी राजवटीने यहुद्यांपुढे धर्मांतराचा पर्याय ठेवलाच नाही; त्यामुळे मरण ही निवड राहिली नाही, आणि अकिवांच्या मार्गाने साक्ष देण्याची वाटही बंद झाली. वॉर्साच्या कोंडवाड्यात रब्बी यित्झाक निसेनबाम यांनी काढलेले म्हणून सांगितले जाणारे उद्गार या स्थितीचे निदान करतात. पूर्वी शत्रू आत्मा मागत असे, म्हणून यहुदी देह देई; आता शत्रू देहच मागत आहे, म्हणून देह राखणे हेच कर्तव्य होय; ही वेळ ‘किद्दुश हा-हय्यिम’ची, म्हणजे जीवनाच्या पवित्रीकरणाची आहे, असा त्यांचा आशय होता.

शब्द नवा होता. परंतु वर पाहिलेल्या आधारांवरून असे म्हणता येते, की कल्पना नवी नव्हती. ‘लेवीय’मधील मूळ आज्ञा नित्याच्या आचाराची आहे, लोद येथील निर्णयाने मरणाला मर्यादा घातली, रब यांनी घोरतम पापाचे उदाहरण खाटकाच्या दुकानातून घेतले, आणि एकांतातील योसेफ व कबुली देणारा यहूदा हे आदर्श ठरले. बलिदान हा या साक्षीचा अंतिम प्रसंग आहे, तिचा मूळ आणि नित्याचा प्रसंग नव्हे. ज्या यहूदावरून ‘यहुदी’ हे नाव आले, त्याची परंपरेने गौरविलेली कृती म्हणजे स्वतःची चूक उघडपणे मान्य करणे ही होय.